मुलीला स्कीन्सच्या नावाची जर्सी घ्यावी का? पिट्सबर्ग पायरेट्स आणि निष्ठेचा प्रश्न

नदीकाठची | १६ नोव्हेंबर २०२५

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. येत्या वाढदिवसाला तिला पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाची ३० क्रमांकाची, पाठीवर 'स्कीन्स' असे त्यांच्या पिचरचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूचे, नाव असलेली जर्सी हवी आहे. ती घ्यावी की नाही हे मला आठवडाभर ठरवता आलेले नाही, आणि ते का ठरत नाही हे सांगायचे तर पंचवीस वर्षांची हकिगत सांगावी लागते.

मी १९९९ साली लग्नानंतर पिट्सबर्गला आले. बेसबॉल मला मुळीच कळत नव्हता. शेजारच्या आजी उन्हाळ्यात संध्याकाळी ओसरीवर रेडिओ लावून बसत आणि मांडीवरच्या कागदावर सामन्यातली प्रत्येक घडामोड पेन्सिलीने टिपून ठेवत. एके दिवशी त्यांनी मला शेजारी बसवून घेतले आणि खूण शिकवली: स्ट्राइकआउट झाला, म्हणजे तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद झाला, की चौकटीत 'के' लिहायचा, आणि फलंदाज बॅट न फिरवता नुसता बघत राहिला असेल तर तोच 'के' उलटा काढायचा. मी या संघाची झाले ती त्या उलट्या 'के'पासून. संघ तेव्हा हरतच होता. १९९३ पासून २०१२ पर्यंत सलग २० हंगाम पायरेट्सचे पराभव विजयांपेक्षा जास्त होते, आणि उत्तर अमेरिकेतल्या कोणत्याही मोठ्या व्यावसायिक संघाच्या वाट्याला एवढी लांब रांग आलेली नाही.

हरण्याची सवय करून घेता येते. सवय होत नाही ती निरोपांची. २००३ च्या जुलैमध्ये अरामिस रमिरेझ शिकागो कब्जला गेला तेव्हा तो २५ वर्षांचा होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसऱ्या एका अदलाबदलीत आलेला जेसन बे पुढच्या वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला. पायरेट्सच्या खेळाडूला तो मान पहिल्यांदाच मिळाला होता, म्हणून मी त्याच्या नावाची जर्सी घेतली, आणि ३१ जुलै २००८ रोजी, अदलाबदलीची मुदत संपते त्या दिवशी, तो बॉस्टनला गेला. यंदाच्या ३१ जुलैला डेव्हिड बेडनार न्यूयॉर्क यांकीजकडे गेला. तो पिट्सबर्गच्या उत्तरेला असलेल्या मार्स नावाच्या गावचा, म्हणजे अगदी घरचा मुलगा. मुलीने मला विचारले, "आई, आता आपण यांकीजचे का?" मी "नाही" म्हणाले. "मग तो आपला होता ना?" या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही.

आता पॉल स्कीन्स. २०२४ चा सर्वोत्तम नवोदित, बेनंतरचा आमचा दुसरा. या आठवड्यात त्याला नॅशनल लीगचा साय यंग पुरस्कार, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा मान, एकमताने मिळाला. नऊ इनिंगमागे त्याने सरासरी १.९७ धावा दिल्या, म्हणजे दोनही नाहीत, आणि तरीही त्याच्या नावावर १० विजय आणि १० पराभव लागले, कारण त्याच्या मागे उभा असलेला संघ धावा करू शकला नाही. संघाने हंगाम ७१ विजय आणि ९१ पराभवांवर संपवला. २०२९ चा हंगाम संपला की तो हव्या त्या संघात जायला मोकळा होईल. तोवर तरी तो राहील का, याची खात्री या गावात कोणीही देणार नाही.

तुम्हा सर्वांना मला विचारायचे आहे ते हे: खेळाडू जातात, मालक तोच राहतो, संघ हरत राहतो, तेव्हा आपली निष्ठा नक्की कोणावर असते? आणि एका लहान मुलीला त्या निष्ठेत मुद्दाम ओढावे का?

---

गोदाकाठ | १६ नोव्हेंबर २०२५

वाचत आहे. पायरेट्सचे नाव मी पहिल्यांदा २००८ साली वर्तमानपत्रात वाचले, कारण उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना याच संघाने करारबद्ध केले होते. काही महिन्यांपूर्वीपर्यंत दोघांनी बेसबॉल हातातही धरला नव्हता. ते वरच्या पातळीपर्यंत पोहोचले नाहीत, परंतु काही महिने मी नाशिकमध्ये बसून पायरेट्सच्या कनिष्ठ संघांचे निकाल शोधत होतो. निष्ठा इतक्या लहानशा धाग्यावरही उभी राहू शकते.

---

पहाटप्रहर | १६ नोव्हेंबर २०२५

नदीकाठचीताई, माझा मुलगा तुमच्याच गावी ओकलंडमध्ये शिकायला आहे. त्याच्यामुळे मला हा खेळ लागला. तुमच्याकडे संध्याकाळी ६.४० ला सामना सुरू होतो तेव्हा पुण्यात पहाटेचे ४.१० वाजलेले असतात, आणि मी चहा घेऊन बसतो. मला एक मूलभूत शंका आहे. आयपीएलमध्ये लिलाव होतो हे आपण पाहतो, त्यात प्रत्येक संघाच्या पैशाला मर्यादा असते. इथे उत्तम खेळाडू ऐन भरात असताना संघ त्याला दुसऱ्याच्या हवाली का करतो? त्यातून त्याला काय मिळते?

---

खाडीपल्याड | १६ नोव्हेंबर २०२५

पहाटप्रहर, ओकलंड तर इकडे कॅलिफोर्नियात आहे, आणि तिथे आता मोठा संघ उरलेला नाही. सविस्तर नंतर लिहितो.

---

नदीकाठची | १६ नोव्हेंबर २०२५

खाडीपल्याड, पिट्सबर्गमध्येही ओकलंड नावाचा भाग आहे. विद्यापीठे तिथेच आहेत. पायरेट्सचे जुने फोर्ब्ज फील्ड हे मैदानही तिथेच होते. तुमच्या ओकलंडबद्दल अवश्य लिहा, मी वाट पाहते.

---

हिशेबनीस | १७ नोव्हेंबर २०२५

पहाटप्रहर यांच्या शंकेचे उत्तर नीट समजून घेतल्याशिवाय मूळ प्रश्नावर बोलता येणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

वरच्या पातळीवर आल्यानंतर खेळाडू साधारण सहा वर्षे त्याच संघाच्या ताब्यात असतो. पहिली तीन वर्षे त्याला किमान वेतनाच्या जवळपास पगार मिळतो, पुढची तीन वर्षे लवादाच्या पद्धतीने पगार ठरतो, आणि सहा वर्षे भरली की तो मोकळा होऊन हव्या त्या संघाशी करार करू शकतो. बेसबॉलमध्ये संघाच्या एकूण पगारावर पक्की मर्यादा नाही. ठरावीक रकमेच्या वर गेल्यास कर भरावा लागतो, इतकेच. त्यामुळे लॉस एंजेलिस डॉजर्ससारखा संघ शोहेई ओहतानीशी दहा वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार करतो, तर पायरेट्सच्या इतिहासात १० कोटी डॉलरच्या वरचा पहिला करार ब्रायन रेनॉल्ड्सबरोबर २०२३ मध्ये झाला.

आता स्वतःला लहान संघाच्या व्यवस्थापकाच्या जागी कल्पून पाहा. तुमचा उत्तम पिचर दोन वर्षांनी मोकळा होणार आहे आणि त्याला जी रक्कम मिळेल ती तुमचा मालक देणार नाही. तुम्ही थांबलात तर तो जाईल आणि बदल्यात जवळजवळ काहीच मिळणार नाही. आज दिलात तर दुसऱ्या संघाचे तीन-चार होतकरू तरुण मिळतील, आणि त्यांची सहा वर्षे नव्याने सुरू होतील. ही बियाण्याची तजवीज आहे, आणि हिशेब म्हणून ती चुकीची नाही. जानेवारी २०१८ मध्ये अँड्र्यू मॅकचनला सॅन फ्रान्सिस्कोला दिले तेव्हा सारे गाव संतापले, परंतु त्याच व्यवहारातून रेनॉल्ड्स आला. बेडनार स्वतः जानेवारी २०२१ मध्ये जो मसग्रोव्हला देऊन मिळाला होता. ताईंचा घरचा मुलगा घरी आला तोदेखील अदलाबदलीनेच.

उलट, पाठीराखे नेहमी मागतात तसा नावाजलेला पिचर पायरेट्सनी ३१ जुलै २०१८ ला खरोखर आणला. क्रिस आर्चरसाठी त्यांनी टायलर ग्लासनाऊ, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ हे तिघे टँपा बेला दिले. आर्चरकडून फारसे काही हाती लागले नाही आणि गेलेले तिघेही वरच्या पातळीवर खेळले. तो व्यवहार आजही जखमेसारखा दुखतो.

---

शिकागोवासी | १७ नोव्हेंबर २०२५

हिशेबनीस यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे, आणि थोडे पुढे जाऊन म्हणेन की धीर धरणाऱ्याला फळ मिळते. कब्ज २०१२ मध्ये १०१ सामने हरले. जुने खेळाडू एकेक करून दिले गेले, तरुण मुले आली, आणि २०१६ मध्ये १०८ वर्षांनी विजेतेपद मिळाले. त्या रात्री आमच्या इमारतीतले अनोळखी लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. ह्यूस्टन सलग तीन वर्षे शंभराच्या वर सामने हरले आणि २०१७ मध्ये जिंकले. हरण्यालाही एक योजना असू शकते, हे पाठीराख्याने समजून घेतले पाहिजे.

---

रोखठोक | १७ नोव्हेंबर २०२५

शिकागोवासी, ह्यूस्टनच्या त्या विजेतेपदाला प्रतिस्पर्धी पिचरला दिल्या जाणाऱ्या गुप्त खुणा चोरल्याचा डाग आहे, त्यामुळे ते उदाहरण मला पटत नाही. शिवाय तुमच्याच गावातला दुसरा संघ पाहा. व्हाइट सॉक्सनी आपली जुनी फळी मोडून नवी उभारली, दोनदा बाद फेरीत पोहोचले, आणि २०२४ मध्ये १२१ सामने हरले. आधुनिक काळात एका हंगामात एवढे पराभव कोणाच्याही वाट्याला आलेले नव्हते. 'योजना' या शब्दाखाली किती वर्षे खपवून घ्यायची?

माझे मत स्पष्ट आहे. हरणाऱ्या संघाची तिकिटे आणि जर्सी घेत राहणे म्हणजे मालकाला 'असेच चालू द्या' असे सांगणे. मोठ्या संघांच्या उत्पन्नातला वाटा लहान संघांना मिळतो, प्रक्षेपणाचे पैसे मिळतात, आणि वर आपण आपल्या खिशातले देतो. ताई, जर्सी घेऊ नका. मुलीला बॅट घेऊन द्या.

---

चार्ल्सतीर | १८ नोव्हेंबर २०२५

मी बॉस्टनजवळ राहतो. आमचा संघ रेड सॉक्स, म्हणजे लाल मोजे, लहानही नाही आणि गरीबही नाही, म्हणून हिशेबनीस यांचे गणित आमच्याकडे लागू पडत नाही. तरीही फेब्रुवारी २०२० मध्ये मूकी बेट्सला डॉजर्सकडे पाठवले गेले. २०१८ चे विजेतेपद आणि त्याच वर्षीचा सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवून देणारा, सत्तावीस वर्षांचा, सदा हसतमुख खेळाडू. डॉजर्सनी त्याच वर्षी त्याला बारा वर्षांसाठी ३६.५ कोटी डॉलर दिले. या जूनमध्ये रफाएल डेव्हर्सही गेला. ज्या गावाने १९१९ च्या अखेरीस बेब रूथला यांकीजला विकले आणि पुढच्या विजेतेपदासाठी २००४ पर्यंत वाट पाहिली, त्या गावात हे पुन्हा घडले.

मी प्रामाणिकपणे सांगतो की मी बेट्सबरोबर गेलो. आता मी डॉजर्सचे सामने पाहतो. खेळाडू हाच खरा, बाकी सगळी कागदपत्रे आहेत, असे मला वाटते. ज्याला धावताना पाहून आनंद होतो त्याच्या मागे जावे.

---

नदीकाठची | १८ नोव्हेंबर २०२५

चार्ल्सतीर, तुमचे म्हणणे मी दोन वेळा वाचले, आणि ते चुकीचे आहे असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. मी बेच्या मागे बॉस्टनला जाऊ शकले नाही. २००८ च्या ऑगस्टमध्ये मी त्याचे दोन-तीन सामने लावून पाहिले. तो छान खेळत होता, मला त्याचे बरे वाटत होते, पण मी कागद-पेन्सिल घेऊन बसले नाही. कागद फक्त आमच्या सामन्यालाच बाहेर येत असे. माझ्यासाठी फरक तिथे होता, आणि तो का होता हे मी अजून शोधते आहे.

रोखठोक, तुमचा मुद्दा मनाला लागला. मला एवढेच सांगायचे आहे की रेडिओला तिकीट लागत नाही.

---

खाडीपल्याड | १९ नोव्हेंबर २०२५

आज वेळ काढून लिहितो आहे, कारण रोखठोक म्हणतात ते आम्ही करून पाहिले आहे.

ओकलंड अॅथलेटिक्स १९६८ मध्ये कॅन्सस सिटीहून इकडे आले. १९७२, ७३, ७४ अशी सलग तीन विजेतेपदे, नंतर १९८९ चे एक. मी १९९६ मध्ये आलो तेव्हा कोलिझियम या त्यांच्या मैदानाचे काँक्रीट झिजलेले होते, पण वरच्या स्वस्त बाकांवर ढोल वाजत असायचे, आणि पुण्याच्या मिरवणुकीत वाढलेल्या माणसाला तेवढे पुरेसे होते. आमचे खेळाडू जाणारच हे आम्हांला ठाऊक होते. जिआम्बी गेला, तेहादा गेला. दर चार-पाच वर्षांनी नवी मुले येत आणि संघ पुन्हा उभा राहत असे. म्हणून मार्च २०२२ मध्ये मॅट ऑल्सन आणि मॅट चॅपमन दोन-तीन दिवसांच्या अंतराने गेले, तेव्हाही मी घरी म्हणालो की चार वर्षे थांबू. ती चार वर्षे आम्हांला मिळाली नाहीत. २०२३ मध्ये संघ ११२ सामने हरला, आणि त्याच वर्षी लास व्हेगासला जाण्याचे ठरले.

लोकांनी मैदानावर जाणे सोडले. मग सांगितले गेले की पाहा, या गावाला संघ नकोच आहे. तेव्हा १३ जून २०२३ ला लोकांनी उलटा बहिष्कार पुकारला: सगळ्यांनी एकाच संध्याकाळी यायचे. २७,७५९ माणसे आली. हिरव्या सदऱ्यांवर एकच शब्द होता, 'विका'. मी पत्नीला आणि दोन्ही मुलांना घेऊन गेलो होतो. संघाने त्या काळातल्या उत्तम संघांपैकी एका संघाला, टँपा बेला, २-१ असे हरवले, आणि त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा कळले की इतकी वर्षे मी कोणाबरोबर होतो. मालकाबरोबर नाही, आणि खरे सांगायचे तर खेळाडूंबरोबरही नाही. मी त्या ढोलवाल्यांबरोबर होतो.

तरीही संघ गेला. २६ सप्टेंबर २०२४ ला शेवटचा सामना झाला. ४६,८८९ लोक होते आणि आम्ही टेक्ससविरुद्ध ३-२ असे जिंकलो. सामना संपल्यावर कोणी जागचे उठत नव्हते. आता ते पश्चिम सॅक्रामेंटोच्या लहानशा मैदानावर खेळतात आणि नावापुढे कोणत्याही गावाचे नाव लावत नाहीत.

म्हणून रोखठोक, तुमचे म्हणणे तत्त्वतः बरोबर असेल, पण बहिष्काराचे हत्यार मालकाच्याही हातात असते, हे आम्ही शिकलो. आणि चार्ल्सतीर, तुम्हांला बेट्सच्या मागे जायला एक संघ तरी होता. आम्ही कोणाच्या मागे जायचे? ताई, तुमचे मैदान नदीकाठी अजून उभे आहे. माझ्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे.

---

पहाटप्रहर | १९ नोव्हेंबर २०२५

खाडीपल्याड, तुमचा प्रतिसाद वाचून काय लिहावे ते सुचले नाही. आता काय करता?

---

खाडीपल्याड | १९ नोव्हेंबर २०२५

ओकलंडमध्ये २०२४ पासून बॉलर्स नावाचा स्वतंत्र लीगमधला संघ रायमोंडी पार्कवर खेळतो, आणि त्यात सामान्य लोकांनीही समभाग घेतले आहेत. यंदा दुसऱ्याच हंगामात त्यांनी पायोनियर लीग जिंकली. मैदान लहान आहे, खेळाडू अनोळखी आहेत, पण ढोलवाले तेच आहेत.

---

हिशेबनीस | २० नोव्हेंबर २०२५

चार्ल्सतीर आणि ताई यांच्यातल्या मतभेदाला इतिहासाची एक बाजू आहे, ती सांगतो. 'पूर्वीचे खेळाडू निष्ठावान होते, जन्मभर एकाच संघात राहत' असे आपण सहज म्हणतो. पूर्वी करारात असे कलम होते की खेळाडू जन्मभर त्याच संघाला बांधलेला राही. संघ त्याला विकू शकत असे, पण तो स्वतः जाऊ शकत नसे. १९६९ मध्ये सेंट लुईसने कर्ट फ्लडला फिलाडेल्फियाला पाठवले तेव्हा त्याने जाण्यास नकार दिला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला. १९७२ मध्ये तो खटला हरला आणि त्याची कारकीर्द त्यात संपली. १९७५ मध्ये लवादाने दुसऱ्या दोन पिचरांच्या बाजूने निकाल दिला आणि मग हे कलम मोडले. खेळाडू मोकळा होऊन निघून जातो तेव्हा आपल्याला वाईट वाटते, ते स्वाभाविक आहे, पण तो हक्क कोणीतरी स्वतःचे नुकसान सोसून मिळवलेला आहे. मला स्वतःला निघून जाणाऱ्या खेळाडूवर रागावणे त्यामुळे जमत नाही. पायरेट्सचा बॅरी बाँड्स १९९२ नंतर सॅन फ्रान्सिस्कोला गेला, तो त्याचा हक्क होता.

---

रोखठोक | २० नोव्हेंबर २०२५

इथे मी हिशेबनीस यांच्याशी सहमत आहे. राग खेळाडूवर नसावाच.

---

निवांतिका | २१ नोव्हेंबर २०२५

मी पिट्सबर्गमध्ये लहानाची मोठी झाले आणि आता सिअॅटलला नोकरी करते. माझे लिखित मराठी आईने शिकवलेले आहे, चुका पोटात घालाव्यात.

१ ऑक्टोबर २०१३ ची रात्र इथे कोणी लिहिलेली नाही, म्हणून लिहिते. एकवीस वर्षांनी गावात बाद फेरीचा सामना होता. सगळे काळे कपडे घालून आले होते. मी तेव्हा तेरा वर्षांची होते आणि बाबांबरोबर वरच्या बाकांवर होते. सिनसिनाटीचा पिचर जॉनी क्वेटो याच्या नावाचा गजर सुरू झाला, 'क्वे-टो, क्वे-टो', आणि त्याच्या हातातून चेंडू खाली पडला. त्याच्या पुढच्याच चेंडूवर आमच्या रसेल मार्टिनने होम रन, म्हणजे षटकारासारखा फटका, मारली. माझे बाबा शांत स्वभावाचे आहेत. मी त्यांना त्याआधी आणि त्यानंतर कधीही ओरडताना ऐकलेले नाही.

त्या वर्षी मॅकचन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि मला २२ क्रमांकाची जर्सी मिळाली. जानेवारी २०१८ मध्ये तो गेला. मी ती जर्सी टाकली नाही, घडी करून खणात ठेवली. मे महिन्यात तो सॅन फ्रान्सिस्कोच्या कपड्यांत आमच्या मैदानावर आला तेव्हा सगळे प्रेक्षक उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात. २०२३ मध्ये तो परत आला. तोवर त्याच्या दाढीत पांढरे केस दिसू लागले होते. ११ जून २०२३ ला त्याने आमच्या मैदानावर २,००० वी हिट मारली. मी योगायोगाने घरी आले होते. जर्सी खणातून काढली, दंडात घट्ट होत होती, तरी घातली.

ताई, जर्सी घ्या. खेळाडू गेला म्हणून ती खोटी होत नाही. ती त्या वर्षाची असते.

---

चार्ल्सतीर | २१ नोव्हेंबर २०२५

निवांतिका, तुमचे मराठी उत्तम आहे. बेट्सची ५० क्रमांकाची लाल मोज्यांची जर्सी माझ्याकडेही आहे. मी ती बाहेर घालत नाही, आणि कोणाला देऊनही टाकली नाही. 'ती त्या वर्षाची असते' हे वाक्य वाचल्यावर मी उठून ती कपाटातून काढून पाहिली.

---

शिकागोवासी | २२ नोव्हेंबर २०२५

माझ्या आधीच्या प्रतिसादात मी एक गोष्ट लिहिली नव्हती. २०१६ चा तोच संघ जुलै २०२१ च्या अखेरीस जवळपास एका दिवसात मोडला गेला. रिझो यांकीजला, बायेझ मेट्सला, ब्रायंट सॅन फ्रान्सिस्कोला. ज्यांच्या नावाने आम्ही रडलो होतो ते तिघे. योजना म्हणून ते योग्य असेल, परंतु त्या दिवशी मी कामावरून लवकर घरी आलो आणि कोणाशीही बोललो नाही. धीर धरा असे ताईंना सांगताना हेही सांगायला हवे होते.

---

पहाटप्रहर | २३ नोव्हेंबर २०२५

गेल्या महिन्यात मी मुलाकडे गेलो होतो, तेव्हाचे एक सांगतो. ओकलंडमध्ये (पिट्सबर्गच्या) फोर्ब्ज फील्डच्या कुंपणाच्या भिंतीचा एक तुकडा जपून ठेवलेला आहे. १३ ऑक्टोबर १९६० रोजी पायरेट्सच्या बिल मॅझरॉस्कीने विजेतेपदाच्या मालिकेतल्या सातव्या सामन्याच्या शेवटी होम रन मारून यांकीजना १०-९ असे हरवले. दर वर्षी त्या तारखेला लोक भिंतीपाशी खुर्च्या मांडून बसतात आणि त्या सामन्याचे रेडिओवरचे समालोचन पहिल्यापासून लावतात, ते अशा बेताने की ती होम रन ३ वाजून ३६ मिनिटांनी, म्हणजे मूळ वेळीच यावी. मुलगा म्हणाला, बाबा, चला. आम्ही गेलो.

माझ्या शेजारी नव्वदीकडे झुकलेले गृहस्थ होते आणि त्यांच्या पुढे सात-आठ वर्षांचा मुलगा गवतावर बसला होता. निकाल सगळ्यांना ठाऊक होता. तरी यांकीजनी नवव्या इनिंगमध्ये बरोबरी साधली तेव्हा सगळीकडे शांतता पसरली, जणू यंदा काही वेगळे घडेल. मग मॅझरॉस्की आला, आणि तो मुलगा उठून टाळ्या वाजवू लागला. ज्या संघाने १९७९ नंतर विजेतेपद जिंकलेले नाही त्याचे हे लोक. आपल्याकडे वारीला जाणाऱ्याला विठ्ठलाने यंदा काय दिले असे कोणी विचारत नाही. मला तिथे बसल्यावर तसेच वाटले.

---

रोखठोक | २३ नोव्हेंबर २०२५

पहाटप्रहर, वारीची उपमा मला मान्य नाही, कारण पंढरपूरला कोणी मालक पगार वाचवत बसलेला नसतो. पण भिंतीची हकिगत मनापासून आवडली, आणि त्या भिंतीपाशी बसायला कोणाला तिकीट लागत नाही हेही लक्षात आले.

---

गोदाकाठ | २४ नोव्हेंबर २०२५

ताई, त्या शेजारच्या आजींचे पुढे काय झाले?

---

नदीकाठची | २६ नोव्हेंबर २०२५

गोदाकाठ, आजी २०१० मध्ये ओहायोला मुलाकडे राहायला गेल्या. संघ त्या वर्षी १०५ सामने हरला होता. जाताना त्यांनी मला त्यांच्या स्कोअरकार्डांची एक पेटी दिली. त्यात १४ ऑक्टोबर १९९२ चा कागद आहे. नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेतला अटलांटामधला सातवा सामना, नववी इनिंग, पायरेट्स एका धावेने पुढे, एकच बळी हवा होता. अटलांटाच्या कब्रेराचा फटका, बाँड्सची फेक, आणि दुखऱ्या गुडघ्यांवर धावत येऊन घसरलेला सिड ब्रीम, जो दोन वर्षांपूर्वी आमच्याच संघात होता. त्याच्या धावेने आम्ही हरलो. आजींनी ती शेवटची चौकटही नीट भरली आहे. हात थरथरल्याची खूण नाही. खाली तारीख आणि हवा कशी होती ते लिहिले आहे. पुढच्या वर्षीच्या एप्रिलचा कागद त्याच्या लगेच खाली आहे.

निवांतिका लिहितात त्या रात्री, १ ऑक्टोबर २०१३ ला, मला तिकीट मिळाले नव्हते. सामन्याच्या दिवशी क्लेमेंटे पूल वाहनांना बंद असतो, तिथून मैदानाचा एक कोपरा दिसतो, म्हणून शेकडो लोक पुलावर उभे होते. त्यांत मी होते. तो गजर मी नदीवरून ऐकला. रात्री उशिरा आजींचा फोन आला. मला वाटले त्या रडत असतील. त्यांनी विचारले, "सहाव्या इनिंगचे तू काय लिहिलेस? माझे जरा गडबडले." मी पुलावर उभी होते, माझ्याकडे कागदच नव्हता. त्यांना ते मुळीच आवडले नाही.

चार्ल्सतीर, तुम्हांला दिलेल्या उत्तरात मी म्हटले होते की फरक का आहे ते मी शोधते आहे. तुम्ही सर्वांनी लिहिलेले वाचताना मला वाटले की माझ्याकडे बेच्या आधीचा, रमिरेझच्या आधीचा एक कागद होता, आणि तो दुसऱ्या कोणीतरी भरलेला होता. बे गेला तरी रकाने रिकामे ठेवता येत नव्हते. मुलीला मी निष्ठेत ओढते आहे का, या माझ्याच प्रश्नाचे उत्तर असे की तिने 'के' काढायला गेल्या वर्षी माझ्याकडून शिकून घेतले, मी न सांगता. स्कीन्सच्या दिवशी तिचे कागद 'के'नी भरून जातात.

काल दुकानात गेलो. मी तिला सगळे खरे सांगितले: तो २०२९ नंतर जाईल, कदाचित त्याआधीही, आणि ३१ जुलैला आपल्या घरी दर वर्षी थोडी धाकधूक असते. तिने बोटांवर मोजले आणि म्हणाली, "म्हणजे मी तेरा वर्षांची होईपर्यंत." रोखठोक, तुम्ही मला क्षमा करा. जर्सी घेतली आहे, ३० क्रमांकाची, वाढत्या अंगाची. बाह्या सध्या कोपराखाली येतात.